२४.५ कोटी डॉलर आणि ३१ डाव : स्ट्रासबर्गचा करार नेमका कुठे फसला?

बेसबॉलचा हंगाम संपला की अमेरिकेत डिसेंबरात खेळाडूंच्या करारांचे आकडे यायला लागतात. २०२४च्या डिसेंबरात अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सने कॉर्बिन बर्न्स या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, सहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलर कबूल केले. तो अकरा सामने खेळला आणि जून २०२५मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. अशी बातमी वाचली की क्रिकेटवर वाढलेला माणूस चक्रावतो. पाच दिवसांतून एकदा खेळणाऱ्या माणसावर एवढा पैसा कशासाठी? हात निकामी झाला तरी तो पैसा द्यावाच लागतो, तो का? आणि हे वर्षानुवर्षं घडत असताना संघ पुन्हा पुन्हा तेच का करतात?

ही सगळी उत्तरं एकाच करारात सापडतात. ९ डिसेंबर २०१९ रोजी वॉशिंग्टन नॅशनल्सने स्टीव्हन स्ट्रासबर्गशी सात वर्षांचा, २४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. तेव्हाच्या दराने ही रक्कम १,७०० कोटी रुपयांच्या वर जाते. कोणत्याही पिचरला तोवर मिळालेला हा सर्वांत मोठा करार होता. त्यानंतर स्ट्रासबर्ग आठ सामने खेळला, त्यांतला एक विजय आणि चार पराभव त्याच्या नावावर लागले, आणि एप्रिल २०२४मध्ये तो निवृत्त झाला. करार मात्र २०२६च्या हंगामापर्यंतचा होता.

हा निव्वळ मूर्खपणा होता, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. हात दगा देऊ शकतो, हे नॅशनल्सला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांची चूक दुसरीकडे आहे, आणि ती समजायला आधी थोडा खेळ समजून घ्यावा लागेल.

स्टार्टर म्हणजे कोण?

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. तीन जण बाद झाले की डाव संपतो. पिचर दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर उभा राहून ६० फूट ६ इंचांवरच्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. टप्पा नाही, लांब धाव नाही, आणि कोपर वाकवायला पूर्ण मुभा. ताशी ९४ मैलांचा, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटरचा चेंडू फलंदाजापाशी साधारण ०.४ सेकंदात पोहोचतो.

सामना सुरू करणारा पिचर तो स्टार्टर. तो ९० ते १०० चेंडू टाकतो, पाच-सहा-सात डाव खेचतो, आणि मग पुढचे पिचर येतात. एवढ्या चेंडूंनंतर हाताला चार दिवस विश्रांती लागते, म्हणून संघ पाच स्टार्टर आळीपाळीने वापरतो. हंगामात १६२ सामने असतात, म्हणजे ठणठणीत स्टार्टरच्या वाट्याला ३२-३३ सामने येतात. स्ट्रासबर्गने २०१९मध्ये ३३ सामन्यांत २०९ डाव टाकले. अख्ख्या संघाला वर्षभरात साधारण १,४५० डाव टाकावे लागतात. त्यातला सातवा हिस्सा या एका माणसाने उचलला. 'पाच दिवसांतून एकदा खेळतो' ही तक्रार इथेच बरीचशी निकालात निघते.

पिचरचा कस मोजायला एक आकडा पुरेल. फील्डिंगच्या चुकांमुळे आलेल्या धावा वगळून त्याने दर नऊ डावांमागे किती धावा दिल्या, ती त्याची सरासरी. तीनच्या आसपास असेल तर उत्तम, चारच्या थोडी वर म्हणजे साधारण, आणि साडेपाचच्या पुढे गेली की संघातली जागा धोक्यात येते.

हाताला होतं तरी काय?

वेगवान गोलंदाजाची पाठ जाते. बुमराला मार्च २०२३मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली ती पाठीवरच. पिचरचं कोपर आणि खांदा जातो. हात मागे खेचून पुढे सोडताना खांदा ज्या वेगाने फिरतो तो सेकंदाला सुमारे सात हजार अंशांचा असतो. माणसाच्या शरीराच्या इतक्या जलद हालचाली फार थोड्या आहेत. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूला, दंडाचं हाड आणि हाताचं हाड बांधून ठेवणाऱ्या एका छोट्या अस्थिबंधावर सगळा ताण येतो. स्नायू बराच भार घेतात, पण ते थकले की उरलेला भार त्या अस्थिबंधावर जातो. तो हळूहळू झिजतो आणि एखाद्या दिवशी तुटतो.

१९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन या पिचरवर एक नवी शस्त्रक्रिया केली. मनगटाकडे जाणारी, फारशी कामाची नसलेली एक कंडरा काढायची, कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडायची, ती कंडरा त्यांतून ओवून तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवायची. परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. त्याआधी या दुखापतीनंतर कारकीर्द संपत असे. टॉमी जॉन मात्र शस्त्रक्रियेनंतर आणखी १६४ सामने जिंकला, आणि शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं.

हे प्रमाण आता भयंकर वाढलं आहे. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगनेच डिसेंबर २०२४मध्ये एक अहवाल काढला. मोठ्या आणि कनिष्ठ लीग मिळून २०१०मध्ये अशा १०४ शस्त्रक्रिया झाल्या होत्या, २०२४मध्ये २८१ झाल्या. त्याच अहवालानुसार वेगवान चेंडूची सरासरी गती २००८मध्ये ताशी ९१.३ मैल होती, ती २०२४मध्ये ९४.२ झाली. प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकायचा, हे आता शाळकरी वयापासून शिकवलं जातं. गती वाढली की फलंदाज चुकतो, आणि ती गतीच कोपर खाते. बाजारात पैसा मात्र गतीलाच मिळतो.

स्ट्रासबर्गवर एवढा विश्वास का होता?

सॅन दिएगोचा हा मुलगा २००९मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत देशभरातून पहिला निवडला गेला. ८ जून २०१० रोजी पिट्सबर्गविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने सात डावांत १४ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे चेंडू मारता न आल्याने बाद केलं. चेंडू भरकटवून एकाही फलंदाजाला फुकट पहिल्या तळावर जाऊ दिलं नाही. अडीच महिन्यांत कोपराचा अस्थिबंध तुटला आणि सप्टेंबर २०१०मध्ये वर सांगितलेली शस्त्रक्रिया झाली.

पुढे २०१२मध्ये नॅशनल्सने एक निर्णय घेतला. त्यावरून अमेरिकेत आजही भांडणं होतात. त्या हंगामात संघाने ९८ सामने जिंकले, स्ट्रासबर्ग त्यातला मोहरा होता, आणि महाव्यवस्थापक माइक रिझो यांनी त्याला १५९ डावांनंतर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच बसवलं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पूर्ण हंगामात हात जपायचा, असं ठरलं होतं. संघ बाद फेरीत सेंट लुइसविरुद्ध निर्णायक सामन्यात ६-० पुढे असून ९-७ हरला, आणि स्ट्रासबर्ग तो बाहेर बसून पाहत होता.

त्याचं फळ २०१९मध्ये मिळालं. नियमित हंगामात १८ विजय, २५१ स्ट्राइकआउट. बाद फेरीत पाच विजय, एकही पराभव नाही, सरासरी १.९८. अंतिम मालिकेतला सहावा सामना २९ ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये होता आणि तो हरला असता तर सगळं संपलं असतं. पहिल्या डावात ह्यूस्टनने दोन धावा काढल्या. प्रशिक्षक पॉल मेनहार्ट यांच्या लक्षात आलं की ग्लोव्हमध्ये चेंडू पकडताना स्ट्रासबर्गच्या हाताची ठेवण बदलते आणि कोणता चेंडू येणार ते फलंदाजाला कळतं. दुसऱ्या डावापासून तो प्रत्येक चेंडूआधी ग्लोव्ह मुद्दाम हलवू लागला, म्हणजे बोटांची पकड दिसू नये. त्यानंतर ह्यूस्टनला एकही धाव मिळाली नाही. तो नवव्या डावापर्यंत टिकला, नॅशनल्स जिंकले, दुसऱ्या दिवशी सातवा सामनाही जिंकले. वॉशिंग्टनला १९२४नंतर पहिल्यांदाच बेसबॉलचं जगज्जेतेपद मिळालं आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू स्ट्रासबर्ग ठरला.

नियमित हंगाम आणि बाद फेरी धरून त्या वर्षी त्याने २४५ डावांहून जास्त गोलंदाजी केली. इतकी त्याने आयुष्यात कधीच केली नव्हती.

जुना करार असताना नवा कसा?

इथे एक तरतूद समजून घ्यावी लागते. २०१६मध्येच नॅशनल्सने त्याच्याशी २०१७ ते २०२३साठी १७.५ कोटींचा करार केला होता. त्यात २०१९नंतर किंवा २०२०नंतर बाहेर पडण्याची मुभा होती, पण फक्त खेळाडूला. समजा तुम्ही एक घर सात वर्षांसाठी भाड्याने घेतलंत. परिसरातले भाव चढले तर मालक तिसऱ्या वर्षी करार मोडून जास्त भाडं मागू शकतो. भाव पडले तर तुम्हाला मात्र जुनंच भाडं सातही वर्षं भरत राहावं लागतं. या करारात स्ट्रासबर्ग घरमालक होता आणि नॅशनल्स भाडेकरू.

जुन्या करारात अजून चार वर्षं आणि १० कोटी डॉलर उरले होते. जगज्जेतेपदानंतर त्याचा भाव चढला, तो बाहेर पडला आणि कोणाशीही बोलायला मोकळा झाला. त्यामुळे नॅशनल्ससमोरचा हिशेब असा होता : उरलेल्या चार वर्षांच्या जागी सात, आणि १० कोटींच्या जागी साडेचोवीस. तीन वर्षं जास्त, साडेचौदा कोटी जास्त. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता, म्हणजे वाढीव तीन वर्षं ३५ ते ३८ या वयातली होती. त्या वयाचा स्टार्टर पूर्ण जोमात सापडणं कठीण, हे संघालाही ठाऊक असतं. पहिल्या तीन-चार वर्षांतल्या चांगल्या खेळाची किंमत शेवटच्या वर्षांवर पसरून दिली जाते, इतकंच. रकमेतले सुमारे ८ कोटी तर करार संपल्यावर द्यायचे ठरले.

अशी मुभा आता सर्रास दिली जाते. बर्न्सच्या करारातही दोन हंगामांनंतर बाहेर पडायची सोय आहे, आणि ती त्यालाच आहे.

मग झालं काय?

२०२०चा हंगाम करोनामुळे ६० सामन्यांचा झाला. स्ट्रासबर्गच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला मुंग्या येत होत्या, बधिरपणा होता. दोन सामन्यांत मिळून तो पाच डाव टाकू शकला. मनगटातून जाणारी नस दाबली जात होती. शस्त्रक्रिया झाली, हंगाम संपला.

२०२१मध्ये पाच सामने, २१ डाव आणि वर दोन बळी. खांदा दुखला, मग मान. १ जूनला अटलांटात तो दुसऱ्याच डावात बाहेर आला. निदान झालं ते मनगटापेक्षा फार गंभीर होतं. मानेतून निघालेल्या, हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा मानेच्या दोन स्नायूंच्या मधून, हासळीच्या हाडाखालून आणि पहिल्या बरगडीच्या वरून जातो. जागा मुळातच अरुंद. हजारो वेळा हात डोक्यावरून फिरवणाऱ्या खेळाडूत स्नायू जाड होतात, जागा आणखी आवळते आणि नसा चिरडल्या जातात. हात जड होतो, बोटं बधिर होतात, चेंडूवरचा ताबा सुटतो. उपाय म्हणजे जागा मोकळी करणं : जुलै २०२१मध्ये त्याची एक बरगडी आणि मानेतले दोन स्नायू काढले.

कोपराची शस्त्रक्रिया झालेले बहुतेक पिचर परततात. या शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखा खेळ फार थोड्यांना जमला आहे. न्यूयॉर्क मेट्सच्या मॅट हार्वीवर २०१६मध्ये हीच झाली आणि तो पुन्हा कधीच तो हार्वी राहिला नाही. कारण साधं आहे. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरा बसवता येतो. इजा झालेल्या नसेच्या जागी काही बसवता येत नाही, ती आपल्या गतीने भरेल तेवढीच भरते.

९ जून २०२२ रोजी मायामीत तो पुन्हा उभा राहिला. पदार्पणात ताशी ९७ मैलांच्या वर जाणारा चेंडू आता ९०च्या आसपास घुटमळत होता. पाच डावही पुरे झाले नाहीत आणि सात धावा गेल्या. काही दिवसांत बरगड्यांच्या हाडांवर ताण आल्याचं दिसलं. तो सामना शेवटचा ठरला.

साडेचोवीस कोटींत मिळाले ३१ डाव आणि वर एक बळी, सरासरी ६.८९. कागदावरच्या रकमेने भागलं तर प्रत्येक बाद फलंदाजामागे सुमारे २६ लाख डॉलर. प्रत्यक्षात रक्कम थोडी कमी होती, कारण २०२०मध्ये सगळ्यांचेच पगार सामन्यांच्या प्रमाणात कापले गेले. पण त्याने चित्र बदलत नाही. वर्षाला १७० डाव धरले तरी संघाने हजाराहून अधिक डावांची अपेक्षा ठेवली होती.

खेळला नाही, तर पैसे का?

मेजर लीग बेसबॉलमधले करार हमीचे असतात. खेळताना दुखापत झाली तर पगार थांबत नाही, संघाने खेळाडूला काढून टाकलं तरी थांबत नाही. ही सोय खेळाडू संघटनेने लढून मिळवली आहे, आणि ती रास्त आहे. संघात आलेला खेळाडू पहिली सहा वर्षं बाजारात जाऊच शकत नाही. सुरुवातीला किमान वेतनाच्या आसपास, मग लवादाने ठरवलेल्या पगारावर तो खेळतो. ज्या वर्षांत हात सर्वांत ताजा असतो, त्याच वर्षांत तो स्वस्त पडतो. बाजार खुला होतो तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर असतो आणि एकाच करारात सगळं वसूल करायला बघतो.

एक बारीक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. खेळाडू स्वतःहून निवृत्त झाला तर उरलेल्या पैशांवरचा हक्क जातो. त्यामुळे खेळणं अशक्य झालेला माणूसही कागदोपत्री दुखापतग्रस्तांच्या यादीत राहतो. ऑगस्ट २०२३मध्ये स्ट्रासबर्ग निवृत्त होणार अशा बातम्या आल्या, सप्टेंबरात कार्यक्रम ठरला आणि रद्द झाला. उरलेली रक्कम कशी, केव्हा द्यायची यावर एकमत होईपर्यंत एप्रिल २०२४ उजाडला.

त्याने पैसे घेऊन अंग चोरलं असा सूर काही जण लावतात. बरगडी आणि स्नायू काढून घेतल्यावर वर्षभर झगडून मैदानावर परतलेल्या माणसाबद्दल असं बोलणं अन्यायाचं आहे.

विमा नव्हता का?

असे करार विमा काढून सुरक्षित करता येतात. ठरावीक दिवसांहून जास्त काळ खेळाडू बाहेर राहिला की विमा कंपनी पगाराचा काही भाग भरते. पण पिचरचा हप्ता जबर असतो, आणि आधी शस्त्रक्रिया झालेला भाग कंपन्या बऱ्याचदा वगळतात. वॉशिंग्टन पोस्टच्या वृत्तानुसार स्ट्रासबर्गचा करार विम्याविना होता. माझ्या मते खरी चूक ही आहे. धोका होता, तो मोठा आहे हे माहीत होतं, आणि तो सगळाच्या सगळा संघाने स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

'आधीच कळायला हवं होतं'

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. दहा हंगामांत त्याने २०० डावांचा टप्पा फक्त दोनदा गाठला होता, २०१४ आणि २०१९मध्ये. २०१८मध्ये मानेतली नस दबल्याने तो बाहेर बसला होता. पुढे जे घडलं ते पाहता ती खूण आज ठळक दिसते.

पण जुन्या दुखापतींवरून भविष्य वाचता येतं का? त्याच हिवाळ्यात करार केलेले बाकीचे मोठे स्टार्टर पाहा. गेरिट कोलला न्यूयॉर्क यांकीजने नऊ वर्षांसाठी ३२.४ कोटी दिले. २०२३मध्ये तो लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला आणि मार्च २०२५मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेला गेला. मॅडिसन बमगार्नरला अ‍ॅरिझोनाने पाच वर्षांसाठी ८.५ कोटी दिले. त्याचा हात शाबूत राहिला, पण खेळ उतरला, आणि एप्रिल २०२३मध्ये संघाने उरलेले पैसे सोसून त्याला मोकळं केलं. टोरंटोने चार वर्षांसाठी ८ कोटी दिलेला ह्यून-जिन र्यू पहिल्या वर्षी अप्रतिम होता, जून २०२२मध्ये कोपर गेलं. आणि झॅक व्हीलर? कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०१५ आणि २०१६ हे दोन्ही हंगाम गमावलेला, म्हणजे कागदावर सर्वांत धोक्याचा. फिलाडेल्फियाने त्याला पाच वर्षांसाठी ११.८ कोटी दिले आणि या सगळ्यांत तोच सर्वांत फायद्याचा ठरला. तपासणीचे अहवाल हातात असलेल्या पाच संघांचे असे पाच वेगवेगळे निकाल लागले.

'त्याऐवजी रेंडनला ठेवायचं होतं'

अँथनी रेंडन हा नॅशनल्सचा जगज्जेत्या संघातला फलंदाज. तोही त्याच वेळी मोकळा झाला होता आणि दोघांनाही ठेवणं परवडणार नाही, असं संघमालक उघड म्हणाले होते. फलंदाज पिचरपेक्षा सुरक्षित, हा सर्वमान्य हिशेब. स्ट्रासबर्गच्या करारानंतर दोनच दिवसांनी लॉस एंजेलिस एंजल्सने रेंडनला नेमकी तीच रक्कम दिली, तेवढ्याच वर्षांसाठी : सात वर्षं, २४.५ कोटी. २०२१पासून २०२५पर्यंतच्या एकाही हंगामात तो ६० सामनेसुद्धा खेळू शकला नाही. नॅशनल्सने उलट निवड केली असती तरी आज ते फारसे सुखी नसते.

संघाला फटका कुठे बसला?

पैसा गेला हे दिसतं. त्याहून मोठं नुकसान लवचीकपणाचं असतं. बेसबॉलमध्ये पगाराला कडक मर्यादा नाही, पण एका रकमेच्या वर गेलं की दंडवजा कर लागतो. २०२१मध्ये ती रक्कम २१ कोटी होती. स्ट्रासबर्गचा वार्षिक पगार सुमारे साडेतीन कोटी, म्हणजे त्या मर्यादेचा सहावा हिस्सा, आणि त्याबदल्यात मैदानावर जवळपास कोणी नाही. त्याच्या जागी दर पाचव्या दिवशी एखादा कच्चा पिचर उतरवायचा, तो लवकर बाहेर आला की पुढच्यांवर भार, मग तेही थकतात.

तरीही सगळं खापर याच करारावर फोडणं चूक. पॅट्रिक कॉर्बिन या दुसऱ्या पिचरच्या सहा वर्षांच्या, १४ कोटींच्या करारातलं पहिलं वर्ष तेवढं चांगलं गेलं. कनिष्ठ संघांतून नवे खेळाडू तयार होत नव्हते. जुलै २०२१मध्ये पिचर मॅक्स शेर्झर आणि त्याचा सहकारी ट्रे टर्नर डॉजर्सकडे गेले. ऑगस्ट २०२२मध्ये हुआन सोटोही सॅन दिएगोला गेला. त्या वर्षी संघ १०७ सामने हरला. शेर्झरचं उदाहरण इथे आवर्जून आठवावं. याच संघाने २०१५मध्ये त्याच्याशी सात वर्षांचा, २१ कोटींचा करार केला होता आणि तो सोन्यासारखा ठरला. त्या यशानंतर पुन्हा तसाच डाव लावावासा वाटणं समजण्यासारखं आहे.

आपल्याकडे असं होतं का?

मुंबई इंडियन्सने फेब्रुवारी २०२२च्या लिलावात जोफ्रा आर्चरला ८ कोटी रुपयांना घेतलं. कोपराच्या दुखापतीमुळे तो त्या वर्षी खेळणार नाही, हे लिलावाच्या वेळीच माहीत होतं. २०२३मध्ये पाच सामने, दोन बळी, आणि तो मायदेशी परतला. त्या नोव्हेंबरात मुंबईने त्याला सोडलं, आणि विषय तिथे संपला. आयपीएलमध्ये हंगाम संपला की खेळाडूला मोकळं करता येतं, पुढच्या वर्षांचं ओझं उरत नाही. नॅशनल्सला तो दरवाजाच नव्हता.

मग धोका कमी कसा करायचा?

पिचर घेणंच सोडून देता येत नाही. टेक्सासने डिसेंबर २०२२मध्ये जेकब डिग्रॉमला पाच वर्षांसाठी १८.५ कोटी दिले, २०२३मध्ये सहा सामन्यांनंतर कोपर गेलं, सगळ्यांनी टेक्सासला हसून घेतलं. त्याच वर्षी ते त्याच्याविना जगज्जेते झाले, कारण त्यांनी एकावर विसंबून न राहता इतर स्टार्टरही जमवले होते. २०२५मध्ये डिग्रॉम ३० सामने खेळला, सरासरी २.९७.

करारातही कलम घालता येतं. बोस्टनने डिसेंबर २००९मध्ये जॉन लॅकीला पाच वर्षांसाठी ८.२५ कोटी दिले, पण त्याच्या कोपराच्या तपासणीत शंका आली होती, म्हणून एक अट टाकली : कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे दीर्घकाळ बाहेर राहिला, तर सहावं वर्ष लीगच्या किमान वेतनावर खेळायचं. शस्त्रक्रिया झाली, २०१२चा हंगाम गेला आणि अट लागू झाली. मधल्या काळात तो सेंट लुइसकडे गेला होता, त्यामुळे फायदा त्यांना झाला. २०१५मध्ये लॅकीने ५ लाख ७ हजार ५०० डॉलरवर २१८ डाव टाकले, सरासरी २.७७.

स्ट्रासबर्गकडून नॅशनल्सला अशी अट मिळाली असती का? जगज्जेतेपदाला तेव्हा सहा आठवडेही झाले नव्हते. मालिकेचा मानकरी तोच होता, त्याच्या बाजूने बोलणी स्कॉट बोरास करत होते, आणि विनाअट करार करायला दुसरे संघ तयार होते. शिवाय लॅकीची अट कोपरापुरती होती. स्ट्रासबर्गचं कोपर शेवटपर्यंत टिकलं, गेल्या त्या मानेपाशी दबलेल्या नसा.